फरक वाढतो तेव्हा : प्रस्तावना

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या किशोर गट कबड्डी स्पर्धेत पंचांच्या नेमणुका कशा होतात, ते एकदा जवळून पाहावे. अंतिम आणि उपांत्य सामने जुन्याजाणत्या पंचांकडे जातात. सकाळच्या सत्रातली पहिली फेरी, तीही कोपऱ्यातल्या मैदानावरची, नुकत्याच पंच परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या वाट्याला येते. शिकणाऱ्याने सोप्या सामन्यापासून सुरुवात करावी, असा त्यामागचा विचार असतो. पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीला गतविजेता संघ आणि दीड-दोन महिन्यांपूर्वी जमवलेला एखाद्या शाळेचा संघ समोरासमोर येतात. मध्यंतरालाच फरक वीसच्या पुढे जातो. सोपा म्हणून नवख्याच्या हाती दिलेल्या त्याच सामन्यात मग कुणाची तरी कॉलर धरली जाते, कुणाचा तरी गुडघा जातो, एखाद्या मुलाचे वडील दोरी ओलांडून आत येतात.

हे पुस्तक अशा सामन्यांविषयी आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल आणि क्रिकेट या खेळांत मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहिलेल्यांनी आपापल्या अनुभवातून लिहिलेले लेख इथे एकत्र आले आहेत. मराठीत खेळाडूंची चरित्रे आहेत, स्पर्धांचे इतिहास आहेत, नियमांच्या पुस्तिकाही आहेत. पंचाने माणसे कशी सांभाळावीत यावर मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. हा विषय ज्यांना अगदी नवा आहे, त्यांच्यासाठी त्याचा नकाशा आधी मांडतो.

पहिला प्रश्न साधा आहे. सामना एकतर्फी झाला, निकाल ठरला, तर मग तो तापतो कशामुळे? चुरशीच्या सामन्यात प्रत्येक मुलाला ठाऊक असते की आपल्या एका आगळिकीने संघाचा एक गुण जाईल. ती भीती पंचाचे निम्मे काम करते. गुणफलक ३८-७ झाला की ही भीती संपते. हरणाऱ्याला अडतिसाचे एकोणचाळीस झाल्याने काही फरक पडत नाही, जिंकणाऱ्यालाही सातचे आठ झाल्याने पडत नाही. तांत्रिक गुण देणे हे पंचाच्या हातातले रोजचे हत्यार, आणि ते नेमके याच वेळी बोथट होते. पुढे गुणांसाठी कुणी खेळत नाही. एक बाजू अब्रू वाचवायला खेळते, दुसरी टाळ्यांसाठी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर, मुलींसमोर, गावासमोर झालेली फजिती सहन होत नाही, आणि ती फजिती करणाऱ्यालाही कुठे थांबावे ते कळण्याचे वय नसते. मग पंचाकडे उरते काय? कार्ड, शब्द, वेळेवरचा ताबा आणि त्याचे स्वतःचे मैदानावरचे असणे. ही चार साधने कशी वापरायची, याचाच विचार या पुस्तकातले बहुतेक लेखक करतात.

मुळात तटस्थ पंच ही गोष्टच खेळांच्या इतिहासात उशिरा आली. इंग्लंडमध्ये फुटबॉल सुरू झाला तेव्हा तंटे कर्णधारांनी आपसांत मिटवायचे असत. पुढे दोन्ही बाजूंनी आपापला एकेक पंच आणायला सुरुवात केली आणि त्यांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला विचारू लागले. १८९१ मध्ये या तिसऱ्याला मैदानात आणून निर्णयाचा अधिकार दिला गेला आणि आधीचे दोन पंच रेषेवर गेले. पिवळे आणि लाल कार्ड त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी आले. केन अ‍ॅस्टन या इंग्रज पंचाला ही कल्पना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरली गेली. याच अ‍ॅस्टनने १९६२ मध्ये सँटियागोतला चिली आणि इटलीचा सामना सांभाळला होता, ज्याला आजही लढाई म्हणूनच ओळखतात. त्याच्या तोंडचा शब्द भाषा न कळणाऱ्या खेळाडूंपर्यंत पोहोचत नव्हता, रंग पोहोचला.

आपल्याकडे खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, साताऱ्यात १९१८ च्या सुमारास नियमांची चौकट मिळाली, १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवली. त्याआधी गावात खेळ रंगायचा तेव्हा निवाडा करणारा गावातलाच वडीलधारा असायचा आणि त्याचा शब्द चालायचा तो गावातल्या त्याच्या वजनावर. छापील नियम आल्यावर अधिकार माणसाकडून पदाकडे गेला. आज कबड्डीच्या सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवते, लाल सामन्यातून घालवते.

या सगळ्या घडणीत एक गोष्ट राहून गेली. नियम मोठ्यांसाठी लिहिले गेले आणि मुलांसाठी फक्त मापे बदलली. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, किशोरांचे ११ बाय ८ चे. पुरुषांचा डाव वीस मिनिटांचा, किशोरांचा पंधराचा. पंचाने मुलांशी बोलावे कसे, चिडलेल्या मुलाला शांत करायला किती वेळ द्यावा, शाळेच्या शिक्षकाने हुज्जत घातली तर त्याच्या विद्यार्थ्यांदेखत त्याला काय सांगावे, याबद्दल पुस्तिका गप्प आहेत. जो तो आपल्या गुरूकडून शिकतो, आणि गुरू जसा भेटेल तसा पंच घडतो.

अशा घडणीतून जगभर पंचांच्या तीन विचारसरण्या तयार झालेल्या दिसतात. पहिली नियमावर बोट ठेवणारी. पहिल्या मिनिटाला जो फाउल, तोच शेवटच्या मिनिटाला फाउल, समोर कोण आहे आणि गुण किती झालेत याच्याशी पंचाला कर्तव्य नाही. या विचारातली ताकद उघड आहे, आणि मर्यादाही. प्रत्येक बारीक गोष्टीला शिट्टी वाजली तर तीस-पस्तीस गुणांनी मागे पडलेल्या मुलांचा खेळ आणखी तुकड्यातुकड्यांत होतो. दुसरी विचारसरणी सामना हाताळण्याची. रग्बी आणि फुटबॉलमध्ये ती विशेष रुजली. भडका उडण्याआधी हेरावे, दोन शब्द बोलून प्रकरण मिटवावे, कार्ड शेवटी काढावे, असे ही मंडळी मानतात. अनुभवी फुटबॉल पंच सुरुवातीला कार्ड काढताना हात आखडता घेतात, हे उंकेलबाख आणि मेमर्ट या जर्मन अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवले आहे. पंच आधी त्या दिवसाचा काटा जुळवून घेतो, मग तोलतो. मोठ्यांच्या नव्वद मिनिटांत हे परवडते. मुलांच्या कबड्डीच्या तीस मिनिटांत काटा जुळेपर्यंत दोन लोण चढलेले असतात, म्हणजे सगळा संघ दोनदा बाद झालेला असतो, म्हणून किशोर गटात पहिल्या चार-पाच चढायांतच पंचाने आपली रेघ दाखवून दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी विचारसरणी म्हणते की पंचावर हा भार टाकूच नका, स्पर्धेची रचनाच बदला. अमेरिकेच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये तीन डावांनंतर १५ किंवा चार डावांनंतर १० धावांचा फरक असेल तर सामना संपतो. फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर निकाल लागतो, मॅटवर खेळणारी आपली मुले हे जाणतात. खो-खोत तर ही सोय जुनीच आहे. ठरावीक आघाडी मिळवलेला संघ समोरच्याला पुन्हा आक्रमणाला लावू शकतो आणि सामना एक डाव राखून जिंकता येतो. नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी स्वतंत्र नियम केले, आणि तिथल्या मुलांच्या फुटबॉलमध्ये चार गोलांनी मागे असलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवता येतो. मला हा उपाय सामना लवकर गुंडाळण्यापेक्षा जास्त पटतो. पहाटेची एसटी पकडून, डबा बांधून आलेल्या मुलांना बारा मिनिटांत परत पाठवण्यात कसली दया? त्यांना खेळायचे असते.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मात्र अशी कुठलीच सोय नव्हती तेव्हा काय झाले, हे सगळ्या देशाने पाहिले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत संपला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात आझाद मैदानावर ७६१ धावांचा पाठलाग करताना अंधेरीच्या एका शाळेचा सगळा संघ ७ धावांत बाद झाला. ते सातही अवांतर होते, एकाही मुलाच्या नावावर धाव नव्हती. विक्रमाच्या बातम्या झाल्या. त्या दोन्ही सामन्यांत पंच उभे होते, त्यांच्याविषयी कुणी लिहिले नाही. क्रिकेटचा पंच डाव सोडायला लावू शकत नाही. पण पाणी केव्हा द्यायचे, लहान मुलगा फलंदाजीला येताना त्याचे हेल्मेट नीट बसले आहे की नाही, क्षेत्ररक्षक त्याला काय बोलत आहेत, हे सगळे त्याच्या नजरेच्या टप्प्यात असते. या पुस्तकातल्या क्रिकेटवरच्या लेखाचा सगळा भर त्यावर आहे, आणि तो योग्य आहे.

आता या पुस्तकाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे येतो. एकतर्फी सामन्यात पंचाला सर्वांत मोठा मोह होतो तो दयेच्या शिट्टीचा. गरीब बिचारी मुले, एखादा गुण त्यांना मिळाला तर काय बिघडले? निदान रेषेला पाय लागला की नाही अशी शंका असेल तर कौल हरणाऱ्याच्या बाजूने. बोनस द्यावा की नाही, तर देऊन टाकावा. हा मोह फक्त आपल्या मैदानांवरचा नाही. काइल अँडरसन आणि डेव्हिड पियर्स यांनी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवले की आघाडीवर असलेल्या संघाविरुद्ध पुढचा फाउल दिला जाण्याची शक्यता जास्त असते, आणि ज्या संघाचे फाउल कमी झालेत त्याच्याविरुद्धही. पंच नकळत तोल सावरत असतात. प्लेसनर आणि बेट्श यांच्या २००१ च्या प्रयोगात असेच आढळले. एका संघाला पेनल्टी दिलेली असली की त्याच संघाला दुसरी देताना हात थबकतो आणि समोरच्याला देताना सैल होतो.

दयेच्या शिट्टीचा परिणाम मैदानावर लगेच दिसतो. जिंकणाऱ्या संघाला वाटते, पंच फिरला. आता पकड करताना ते जास्त जोर लावतात, कारण साधी पकड पंच देणार नाही असा त्यांचा समज झालेला असतो. हरणाऱ्या मुलांनाही ते कळते. मिळालेला गुण आपण कमावलेला नाही, हे तेरा वर्षांच्या पोराला पंचापेक्षा चांगले समजते, आणि त्यात त्याला अपमानच वाटतो. म्हणून निर्णय गुणफलकाकडे पाहून बदलू नये. बदलावी ती वागणूक. उभे राहण्याची जागा, आवाज, बोलण्यातला जिव्हाळा, दोन चढायांमधला वेळ, हे सगळे फरक वाढेल तसे बदलले पाहिजे. इथे नियमनिष्ठ आणि सामना हाताळणारे यांचे भांडण मिटते, असे मला वाटते. लेखकांपैकी सगळे माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांचे लेख तसेच ठेवले आहेत.

हे प्रत्यक्षात कसे दिसते? उत्तरार्धातली नऊ-दहा मिनिटे उरलेली आहेत, तिसरा लोण नुकताच चढला आहे. सात मुले पुन्हा मैदानात येतात, खांदे पडलेले, एकमेकांकडे न बघता. समोरचा चढाईपटू मध्यरेषेवर उभा राहून मांडी थोपटतो आणि त्यांच्यातल्या सर्वांत बारक्या मुलाकडे बोट करतो. नवखा पंच घड्याळ बघत असतो. जाणता सरपंच इथे वेळ थांबवतो, मध्यरेषेशी येतो आणि दोन्ही कर्णधारांना बोलावतो. ओरडत नाही. आघाडीवरच्या संघाच्या कर्णधाराला म्हणतो, “बाळा, मांडी थोपटायची तर स्वतःच्या संघाकडे तोंड करून थोपट. बोट दाखवलेस तर कार्ड, आणि ते मी पुन्हा सांगणार नाही.” पिछाडीवरच्या संघाच्या कर्णधाराला म्हणतो, “तुमच्या उजव्या कोपऱ्याची साखळी चांगली जमतेय. पाय लॉक करू नका, कैची पडली तर खेळाडू बाहेर जाईल.” दोघांना मिळून पंधरा सेकंद. मग तो परत जाताना त्या बारक्या मुलाच्या बाजूने जातो, एवढेच. पुढच्या चढाईत पंच आपली जागा कोपऱ्याच्या एक पाऊल जवळ घेतो, कारण आता धोका बोनस रेषेवर नाही. चढाईपटू पडल्यावर शिट्टीनंतर त्याच्या अंगावर कोण पडते, तिकडे आता बघायचे असते. या गटातली बरीचशी मारामारी शिट्टी आणि पुढची चढाई यांच्या मधल्या त्या चार-पाच सेकंदांत सुरू होते.

मैदानाच्या बाहेरचा ताबा हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग. इथे आपल्याकडची परिस्थिती गेल्या काही वर्षांत फार बदलली. शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून तर पोराच्या पायात पैसा दिसू लागला आहे. किशोर गटातला पहिल्या फेरीतला पराभव आईबापांना आता वर्ष वाया गेल्यासारखा वाटतो. दूरदर्शन संचावर निर्णयाची फेरतपासणी पाहिलेला पालक बाजूच्या मैदानावरही मोबाइलमधला व्हिडिओ पंचाच्या तोंडासमोर धरतो. शिवाय प्रेक्षकांचा गलका पंचाच्या निकालात झिरपतो, हे नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले आहे. घरच्या प्रेक्षकांच्या आवाजासह चित्रफीत पाहणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. यजमान मंडळाचाच संघ पुढे असेल आणि प्रेक्षकही त्यांचेच, तर पाहुण्या मुलांना मैदानात पंचाशिवाय कुणी वाली नसतो.

हे वेळीच आवरले नाही तर कुठवर जाते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अल्मेरे शहरात मुलांच्या फुटबॉल सामन्यानंतर खेळणाऱ्या पोरांनीच रेषेवरच्या पंचाला मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी तो दगावला. तो स्वतः एका खेळाडूचा बाप होता, हौसेने झेंडा धरून उभा राहिलेला. पुढच्या आठवडाअखेरीचे सगळे हौशी सामने तिथल्या महासंघाने रद्द केले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ पासूनच आदर मोहीम चालवली आहे. पालकांना दोरीमागे उभे करायचे आणि पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे, असे तिचे साधे नियम. अमेरिकेत २०१८-१९ नंतरच्या तीन हंगामांत शालेय खेळांचे सुमारे ५०,००० पंच काम सोडून गेले. शिवीगाळ हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे तिथल्या शालेय संघटना सांगतात. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून पंचाला लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. ते मोठे मल्ल होते. पण ती दृश्ये घराघरातल्या मोबाइलवर तालमीत जाणाऱ्या पोरांनी पाहिली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पोरांच्या कुस्त्यांना कुणीतरी पंच म्हणून उभे राहायचे होते.

बहुधा तो पंच एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, किंवा गुडघा गेल्यामुळे खेळ सुटलेला पंचविशीतला मुलगा. मानधन तुटपुंजे. मुलींच्या सामन्यांना आता मुली पंच म्हणून येत आहेत आणि त्यांना बाहेरून जे ऐकावे लागते ते वेगळेच. त्यावरचा लेख या संग्रहातला सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. तो जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी आधी वाचावा.

पुस्तकाने काय करायचे ठरवले आणि काय टाळले, तेही सांगायला हवे. हे नियमांचे पुस्तक नाही. नियम बदलत राहतात, त्यासाठी चालू वर्षाची पुस्तिकाच हाती असावी. व्यावसायिक लीग, उत्तेजके, सट्टा या गोष्टी इथे नाहीत. खेळांची विभागणी करून लेख लावण्याऐवजी सामन्याच्या क्रमाने ते लावले आहेत, कारण कबड्डीच्या पंचाला फुटबॉलच्या पंचाकडून शिकण्यासारखे खूप आहे आणि एरवी तो ते पान उघडणार नाही. सामन्याआधीच्या पंधरा मिनिटांवर, म्हणजे नखे आणि अंगावरच्या वस्तू तपासताना मुलांशी काय बोलावे यावर, मुद्दाम जास्त पाने दिली आहेत. त्या वेळी पंच प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत बघतो, तशी संधी पुन्हा मिळत नाही.

संघटनांना एक थेट सुचवणे आहे. पहिल्या फेरीच्या प्रत्येक सामन्याला एक जाणता आणि एक नवा अशी पंचांची जोडी लावावी, आणि सरपंच शक्यतो जाणताच असावा. खर्च वाढत नाही, फक्त ज्येष्ठांना सकाळी लवकर यावे लागते.

शेवटच्या पानावर सामन्यानंतर भरायच्या टिपणाचा कोरा नमुना आहे. फरक केव्हा वाढला, पहिली हुज्जत कितव्या मिनिटाला झाली, कुणाशी काय बोललो आणि त्यानंतर काय घडले, इतकेच त्यात लिहायचे आहे. ते पान फाडून त्याच्या झेरॉक्स काढाव्यात आणि हंगामाच्या शेवटी सगळ्यांनी आपापली टिपणे घेऊन एकत्र बसावे. पुढची आवृत्ती निघाली तर ती त्या टिपणांतून लिहायची आहे.